पाटकऱ्याच्या लेकीचं पोट

परवा माझ्या भाच्यानं कॅमेरा गिळला. चुकून नव्हे, डॉक्टरांनीच गिळायला दिला. दहा वर्षांचा आहे, त्याचं सारखं पोट दुखतं, आणि पुण्यातल्या डॉक्टरांनी त्याला मोठ्या गोळीएवढा एक कॅमेरा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला लावला. कमरेला एक पट्टा बांधला आणि घरी पाठवून दिलं. आतून फोटो निघत होते आणि हा दिवसभर बाहेर कार्टून बघत होता. संध्याकाळी मला फोन करून मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "आत्या, माझं पोट स्क्रीनवर दिसणार आहे."

मी म्हटलं, "त्यात काय एवढं? माझं पोट तुझ्या आजोबांनी तीस वर्षांपूर्वीच टीव्हीवर बघितलंय. बारामतीत."

त्याला ते खरं वाटेना. मला खोटं ठरवलेलं आजही सहन होत नाही, त्यामुळे त्याला सगळं सांगत बसले, आणि त्याचा बाप फोन मागत होता तरी मी ठेवला नाही.

गोष्ट नव्वद सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. मी पाचवीत होते. आम्ही कळंबला राहायचो. थोरला भाऊ शिकायला आजोळी होता, त्यामुळे घरात आई, वडील आणि मी. वडील पाटकरी होते. म्हणजे कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ द्यायचं, ते बघायचं काम त्यांच्याकडे. ऐकायला साधं वाटतं, पण ज्याच्या हातात पाणी, त्याच्याशी अख्खा गाव खोटं बोलतो. पाणी सुटलं की वडील सायकल घेऊन पाटाच्या कडेनं निघायचे, आणि प्रत्येक वळणावर कोणीतरी उभं असायचंच.

"आमच्या उसाला अजून थेंब न्हाय बघा."

वडील सायकल लावायचे, उसात शिरायचे आणि मातीत टाच रोवून बघायचे. टाच रुतली की बाहेर येऊन शांतपणे म्हणायचे, "कालच भिजलाय की." समोरचा माणूस हसायचा, वडीलही हसायचे, आणि दोघं मिळून तंबाखू मळायचे. त्यात राग-लोभ काही नसायचा. पण पंधरा-सोळा वर्षं हेच करून वडिलांचा नियम ठरून गेला होता. तोंडानं सांगितलेलं धरायचं नाही, डोळ्यांनी दिसलं तर बोला.

माझी पंचाईत अशी की पोटदुखी डोळ्यांना दिसत नाही.

त्यात माझी पत आधीच गेलेली. चौथीत असताना एकदा एकोणतीसचा पाढा म्हणायचा होता, म्हणून मी पोट दुखतंय असं सांगून घरी राहिले, आणि दुपारी वडिलांनी मला शेजारच्यांच्या झाडावर कैरी खाताना पकडलं. वरून खाली बघितलं तर ते सायकलवर एक पाय टेकवून उभे. नुसतं "मीठ हाय का बरोबर?" म्हणाले आणि निघून गेले. मार खाल्ला असता तर बरं झालं असतं, हिशेब तिथंच मिटला असता. ती एक कैरी मला पुढं फार महागात पडली.

पाचवीत मात्र पोट खरोखर दुखायला लागलं. बेंबीच्या आसपास पीळ पडायचा, सकाळी जास्त. मी गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. आई परातीतला हात पुसत यायची आणि पोटावरून हात फिरवायची. वडील दारात उभं राहून विचारायचे, "आज गणिताचा तास पयला हाय वाटतं?" आणि दुर्दैव असं की असायचा. मी रडत शाळेत जायची, आणि तिथं दहा-साडेदहाला कळ थांबली की मैत्रिणींबरोबर उड्याही मारायची. वडील नेमके तेव्हाच शाळेवरून सायकलनं जायचे. माझ्या नशिबाला दुसरी वेळ कधी सापडलीच नाही.

दोन महिने हे चाललं. गावानं आपल्या परीनं हात धुऊन घेतले. कोणी ओवा दिला, कोणी हिंग उगाळून बेंबीवर लावला. एका म्हाताऱ्या बाईनं बेंबी सरकलीय असं निदान करून ती जागेवर आणायला असा काही अंगठा दाबला की मूळ दुखणं मी तेवढ्यापुरतं विसरले. शेवटी आईनं मला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि जंताच्या औषधाची एक छोटी बाटली दिली. सगळी बाटली एकाच वेळी पाजायची, दोन आठवड्यांत फरक पडेल, असं सांगितलं.

आता जे झालं ते मी सरळ सांगून टाकते.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळ्या रोगांची माहिती असायची. तिनं मला सांगितलं की जंताचं औषध घेतलं की जंत पोटात चवताळतात आणि वाट फुटेल तिकडून बाहेर येतात. तिच्या चुलतभावाच्या म्हणे नाकातून आला, ऐन जेवणाच्या पंगतीत. हे ऐकल्यावर मी ते औषध पिणार कशी? संध्याकाळी आईनं बाटली माझ्या तोंडाला लावली. तेवढ्यात दारात कोणीतरी हाका मारायला लागलं, "पाटकरी हायेत का घरात? पाणी कवा येनार?" आमच्या दारात दिवसभर हेच चालायचं. आई "आले, आले" म्हणत बाहेर गेली. मी तोंडातलं औषध मोरीत थुंकलं, उरलेली बाटली त्यावरच ओतली आणि दोन तांबे पाणी सोडलं.

आईनं आत येऊन विचारलं, "प्यालीस?"

"प्याले."

"समदं?"

"समदं."

आईनं रिकामी बाटली बघितली आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो गूळ मी खाल्ला. काय करणार, तोंडात कडू चव होतीच.

दोन आठवडे गेले तरी पोट दुखायचं काही थांबलं नाही. डॉक्टर बुचकळ्यात पडले. जंत नाहीत म्हणजे दुसरं काहीतरी असणार, असं म्हणाले. आतड्याला कुठं अडथळा असेल, कुठं सूज असेल, बघायला लागेल. बारामतीला पोटाचा एक वेगळा एक्सरे काढतात, पांढरं औषध पाजून, तो काढून आणा. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीत जंताचं औषध दिल्याचंही लिहिलं होतं. वडिलांनी ती चिठ्ठी खिशात ठेवली आणि ती खिशातच राहिली. कालव्याला पाणी सुटलेलं, आवर्तन सुरू होतं, रजा मिळायची नाही, आणि मुळात त्यांना ते दुखणंच मान्य नव्हतं.

तिथं आमच्या शेजारचे आबा मध्ये पडले. आबांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. तरुणपणी ते कळपाबरोबर चार-चार महिने बाहेर असायचे. आता मुलं ऊस लावत होती आणि आबा ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवत होते. त्यांनी एका सकाळी मला बोलावलं, आडवं केलं आणि पोटावर नुसता हात ठेवून गप्प बसून राहिले. बराच वेळ. मग वडिलांना हाक मारली.

"पोरीच्या पोटात कायतरी हाय."

"नाटकं हायेत, आबा. शाळा नको असती तिला."

"मेंढराला बोलता येत न्हाय, म्हणून आमी त्येच्या पोटावर हात ठिवून वळखायचो," आबा म्हणाले. "हिला तर बोलता येतंय, आन् तुमी ऐकंना. मेंढरू असतं तर येव्हाना डाग देऊन मोकळा झालो असतो. हिला तसं करता येत न्हाय, म्हणून बारामतीला न्या."

डाग म्हणजे तापलेल्या लोखंडाचा चटका. तो शब्द ऐकून मी आबांच्या ओट्यावरून जी पळाले ती घरात येऊन पिशवी भरायला लागले. वडिलांनी एका दिवसाचं काम दुसऱ्या पाटकऱ्याच्या गळ्यात घातलं, आणि आम्ही तिघं दुपारच्या एसटीनं निघालो.

माझी मावशी जळोचीला राहायची. सकाळी उपाशीपोटी आठला बारामतीत हजर व्हायचं होतं, म्हणून रात्री तिच्याकडे मुक्काम केला. सकाळी कोणीही मला काही खाऊ दिलं नाही. आईनं चूळसुद्धा स्वतः उभं राहून भरायला लावली, मी पाणी गिळते की काय म्हणून. वडील रस्त्यावर जाऊन बारामतीकडे निघालेली एखादी दुधाची गाडी थांबवायच्या खटपटीत होते. आम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार, तेवढ्यात मावशी आतून लगबगीनं आली आणि माझ्या हातावर चमचाभर दही-साखर ठेवली.

"चांगल्या कामाला निघालीस, बाय. तशी जाऊ ने."

मी ती चाटली. आई शेजारी उभी होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, मावशीलाही नाही. परीक्षेला निघा, मुलगी बघायला निघा, कोर्टात निघा, हातावर दही-साखर पडल्याशिवाय आमच्याकडे कोणी दाराबाहेर पडत नाही. ते काही खाणं नव्हे.

बारामतीच्या डॉक्टरांची खोली भलतीच थंड होती. डॉक्टर तरुण होते, जाड चष्मा, बोलणं हळू. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "सकाळपासून हिच्या पोटात काही गेलंय?"

"थेंब न्हाय," वडील म्हणाले.

"दही-साखर खाल्ली," मी म्हणाले.

वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. "खोटं बोलती, साहेब. यवढ्या लांब आणली तर आता चुकवायला बघती."

मी आईकडे बघितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग खाली बघत म्हणाली, "चमचाभर दिली हुती अक्कानं. पर ती काय खायाची म्हणून न्हाय. कामाला निघताना देत्यात तशी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, शकुनाची कुठली आणि भुकेची कुठली, हे तिच्या पोटाला कसं कळायचं?" मग स्वतःच हसायला लागले. म्हणाले की इथं आठवड्यातून एक तरी दही-साखर येतेच, मी आता पाटी लावणार आहे. उद्या या.

एक दिवस वाया गेला. वडिलांचा चेहरा तापलेला होता. तिकडे दुसरा पाटकरी त्यांच्या पाण्याचं काय करून ठेवतोय कोण जाणे. मी मात्र मनातून खूश होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझं बोलणं खरं निघालं होतं, आणि तेही डॉक्टरांसमोर. पण तो आनंद फार टिकला नाही. जळोचीकडे परत जाताना वडील आईला म्हणाले, "उद्या कळंल काय ते. फोटूत काय न्हाय निघालं, तर हिचं पोट पुन्यांदा दुखायचं न्हाय बघ."

म्हणजे आता सगळं त्या फोटोवर आलं. आई मावशीच्या देवापुढे हात जोडून बसली होती, काही निघू नये म्हणून. तिच्या पाठीमागे बसून मी त्याच देवाला सांगत होते, काहीतरी निघू दे. काय निघायचं ते निघू दे, पण निघू दे. नाहीतर मी जन्मभर खोटारडी. औषध मोरीत गेल्याची गोष्ट मला तेव्हा आठवत नव्हती असं नाही. आठवत होती, पण ती मी देवाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पुन्हा दारात उभी. हातात वाटी, आणि तोंडावर मोठं संकट. पोरीला द्यायची नाही हे तिला पटलं होतं, पण वाटी परत न्यायची हे काही पटत नव्हतं. शेवटी तिनं वडिलांच्या हातावर दही-साखर ठेवली. म्हणाली, "जिचं बघायचं तिला न्हाय, तर बघनाऱ्याला तरी." वडिलांनी मुकाट्यानं खाल्ली.

ते पांढरं औषध मला अजून आठवतं. भिंतीला द्यायचा चुना कालवून ठेवावा तसं घट्ट, आणि त्यात कसलातरी गोड वास मिसळलेला. मोठा ग्लास होता. तिथला माणूस म्हणाला, दूध समज. मी म्हटलं, आमची म्हैस असलं दूध देत नाही. तरी प्यायले. यावेळी एक थेंब थुंकला नाही, कारण याच्यावरच माझी सगळी अब्रू होती.

आत एकालाच येता येईल असं डॉक्टर म्हणाले. आई उठायच्या आत वडील उठले. "मी बघणार," म्हणाले. त्यांना एक जड रबरी झगा घातला. तो त्यांच्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होता आणि वर त्यांची टोपी तशीच होती. मला हसू आलं. मला एका गार पत्र्याला टेकवून उभं केलं, दिवा घालवला, आणि बाजूच्या टीव्हीवर काळं-पांढरं काहीतरी हलायला लागलं. मला मान वळवता येत नव्हती, त्यामुळे माझं पोट मी बघितलंच नाही. मी वडिलांचं तोंड बघत होते. टीव्हीचा उजेड त्यांच्यावर पडला होता.

"ही अन्ननलिका," डॉक्टर म्हणाले. "बघा, उतरतंय खाली. हे आता पोटात साठलं."

वडील पुढं झुकले. "हे तळं झालं म्हना की."

"तसंच समजा."

"आन् हितनं फुडं दार हाय."

"आहे. ते उघडेल तसं थोडं थोडं पुढं जाईल."

"एकदम सोडत न्हाय?"

"नाही, थोडं थोडंच."

"शाणं हाय," वडील म्हणाले. "एकदम सोडलं की फुटतं."

डॉक्टरांना मजा वाटायला लागली होती. पुढं लहान आतडं लागतं, ते खूप लांब, वळणावळणाचं, असं ते सांगायला लागले. वडिलांनी विचारलं, टेलला पोचायला किती वेळ? कालव्याच्या शेवटाला टेल म्हणतात, हे डॉक्टरांना माहीत असावं. ते म्हणाले, दोन-तीन तास तरी. मध्ये मध्ये फोटो काढायचे. तोवर हिला फिरवून आणा, चाललं की लवकर सरकतं.

आई बाकावर पिशवी धरून बसली होती. तिला तिथंच ठेवून वडील मला घेऊन कालव्यावर गेले. बारामतीतून जातो तो कालवा. दुसरीकडे कुठं फिरायला न्यायचं हे त्यांना सुचलंच नसणार. काठाकाठानं चालताना ते दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी गणित सोडून दुसरं काही बोलले. पाण्याचा वेग कसा ओळखायचा ते सांगितलं. एक वाळकं पान टाकून मला त्याच्या बाजूनं चालायला लावलं. पाणी कुठं तुंबलं की आधी कडेला फेस दिसतो, असं म्हणाले. मग थोडं थांबून माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, "आता पयल्या वळनाच्या फुडं गेलं असंल." माझ्या पोटाबद्दल त्यांनी एवढ्या आपुलकीनं कधी काही म्हटलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी भीतीही वाटली की आता आत सगळं स्वच्छ निघालं तर हे संपलं.

पहिल्या दोन फोटोंत काही नव्हतं. डॉक्टर "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत होते, आणि प्रत्येक ठीकला माझा जीव खाली जात होता. तिसऱ्या वेळी ते टीव्हीसमोर थांबले. मला जरा डावीकडे वळवलं, मग उजवीकडे.

"इकडे या," ते वडिलांना म्हणाले. "हे पांढरं म्हणजे आपलं औषध. त्यात मधेच ही लांब काळी पट्टी दिसते का? दोरीसारखी?"

"दिसती."

"हा जंत आहे. चांगला वीतभर. आणि गंमत बघा, त्या काळ्या पट्टीच्या आत मधोमध एक बारीक पांढरी रेघ आहे. ते त्याचं आतडं. तुमच्या मुलीनं औषध प्यायलं, त्यातलं यानंही प्यायलं."

वडील त्या टीव्हीच्या इतके जवळ गेले की डॉक्टरांना त्यांना मागं ओढावं लागलं. किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मधीच नळी टाकून पानी चोरतोय."

"अगदी बरोबर."

"आन् ही दोन म्हैने सांगत हुती."

हे ते डॉक्टरांना म्हणाले की टीव्हीला, मला कळलं नाही. पण त्यांनी अंधारातच चाचपून माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या क्षणी मला तो जंत माझ्या सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला. हे भाच्याला सांगितलं तर त्याच्या बापानं फोन काढून घेतला, तो भाग वेगळा.

दिवा लागला. आईला आत बोलावलं. डॉक्टर टेबलाशी बसले आणि काळजीचं कारण नाही, ऑपरेशन नाही, काही नाही, एका औषधाचं काम आहे असं म्हणाले. पुढं तसंच झालं, चार दिवसांत मी मोकळी झाले. पण तेव्हा त्यांनी गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इथं तर जंताचं औषध दिलंय असं लिहिलंय. ते घेऊन एवढा मोठा कसा राहिला? कोणी पाजलं होतं?"

वडिलांनी आईकडे बघितलं. डॉक्टरांनी बघितलं. आई म्हणाली, "मीच. माझ्या हातानं..." आणि थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. आईला बाकी काही विचारायची गरज पडली नाही. मोरी, रिकामी बाटली, गुळाचा खडा, सगळं तिच्या ध्यानात आलं असणार. मी मनात म्हटलं, आता बोलणार. आता वडिलांचा हात माझ्या डोक्यावरून निघणार.

"न्हाय," आई म्हणाली. "पाजायचं ऱ्हायलंच. दारात मानसं आली आन् मी इसरले."

डॉक्टर म्हणाले, असू दे, होतं असं. वडिलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बाहेर आलो ते थेट एसटी स्टँडजवळच्या रसाच्या गुऱ्हाळावर. डॉक्टरांनी मला खायला-प्यायला मोकळीक दिली होती. वडिलांनी दोन ग्लास रस सांगितला, मला एक आणि त्यांना एक. आईला विचारलं नाही. आई बाकाच्या टोकाला, फोटोंचं मोठं पाकीट मांडीवर धरून बसली. वडील रसवाल्याला सांगायला लागले, "दोन म्हैने पोरगी सांगती पोट दुखतंय, पोट दुखतंय. आज सोता डोळ्यांनी बघितलं. खरं बोलत हुती." रसवाल्यानं "व्हय का" म्हटलं. वडिलांनी मग ते शेजारच्या बाकावरच्या माणसालाही सांगितलं. माझ्या पाठीवर थोपटलं. आणि मधूनच आईकडे वळून म्हणायचे, "यवढी एक बाटली पाजायची, ती बी जमली न्हाय तुला. पोरीचं हाल केलं. दोन दिस माझं पानी गेलं." आई ऐकत होती. नेहमी एकाला दोन बोलणारी बाई, पण तोंडातून शब्द काढला नाही.

रस गार होता, त्यात आलं-लिंबू होतं, आणि मला तो गिळता येईना. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. वडील माझ्या बाजूला होते, अख्ख्या स्टँडला माझा खरेपणा सांगत होते. आणि मला रडू यायला लागलं. खरं सांगायचं तर रागच जास्त आला होता. माझ्या वाटणीची बोलणी दुसऱ्यानं खावीत हे मला पटत नव्हतं.

"दादा," मी वडिलांना म्हणाले, "आईनं दिलं हुतं औषध. मीच थुकलं. मोरीत."

वडिलांचा ग्लास तोंडाजवळ थांबला. रसाच्या चरकाचे घुंगरू तेवढे वाजत होते. मी मान खाली घालून बसले, एक कानाखाली येणार हे धरूनच. ती आली नाही. वडील आईला म्हणाले, "मग तू कशाला इसरले म्हनलीस?"

आईनं मांडीवरचं पाकीट सरळ केलं.

"दोन म्हैन्यांनी तुमी तिचं खरं धरलं," ती म्हणाली. "म्हटलं, घरी जाईस्तवर तरी ऱ्हाऊ दे."

शेजारच्या बाकावरचा माणूस आता काय होतं ते बघायला थांबला होता, पण काही होत नाही म्हटल्यावर पैसे देऊन गेला. मग वडिलांनी आपला भरलेला ग्लास आईपुढं सरकवला. आईनं घेतला. तिच्या मांडीवरचं पाकीट त्यांनी उचलून स्वतःच्या बगलेत धरलं.

"लई दुखायचं का गं?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय."

"आत्ता?"

"आत्ता न्हाय," मी म्हणाले, आणि त्यांनी ते खरं धरलं.